नुसत्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर

"तिथं पाय देऊ नकोस, तिथं तीनशे व्होल्ट आहेत," आप्पा म्हणाले.

मी उचललेला पाय तसाच वर धरला. हातात केरसुणी, एका पायावर उभी, आणि समोर दुकानाच्या शहाबादी फरशीवर दारापासून मागच्या मांडणीपर्यंत खडूनं काढलेलं सर्किट. एकेक व्हॉल्व्ह परातीएवढा. आप्पा, म्हणजे माझे वडील, गुडघ्यावर बसले होते आणि खडू मुठीत धरून रेघ ओढत होते.

"गावातले कागद संपले का?" मी विचारलं.

"कागदावर बारीक काढावं लागतं," ते म्हणाले आणि पुढची रेघ ओढायला लागले.

वर्षभर त्यांचा उजवा हात थरथरत होता आणि त्या गोष्टीचं आमच्या घरात नाव काढायचं नाही असं न ठरवता ठरलं होतं. चहाचा कप मी अर्धाच भरायची. कुठं सही करायची वेळ आली की "चष्मा घरी राहिला" म्हणून ते कागद माझ्याकडं सरकवायचे, आणि चष्मा नाकावर असायचा. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी झोप यायची, हात तसाच राहायचा.

कऱ्हाडला आमचं 'हिंगमिरे रेडिओ' म्हणून दुकान होतं. सासरी माझं पटलं नाही. का पटलं नाही ते सांगत बसले तर ही गोष्ट राहून जाईल. माझं तोंड तिखट, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. मी परत आले, आप्पांच्या शेजारच्या स्टुलावर बसले ती बसलेच. मिक्सर, इस्त्र्या, टेपरेकॉर्डर माझ्याकडं, ज्यात काचेचे व्हॉल्व्ह दिव्यासारखे पेटतात ते जुने रेडिओ आप्पांकडं. आई गेल्यावर तर ते दुकान हेच आमचं घर झालं होतं, राहत्या घरी आम्ही नुसते झोपायला जायचो.

तो खडूचा उद्योग सुरू झाला तो माझ्या भावामुळं. धाकटा भाऊ बसवराज, चिंचवडला एका कारखान्यात सुपरवायझर. दिवाळीला आला तेव्हा जेवताना आप्पांच्या हातातली आमटीची वाटी कलंडली ती थेट त्याच्या नव्या शर्टावर. शर्टाचं त्याला काही वाटलं नाही, पण रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला आणि सकाळी म्हणाला, आप्पांना मी घेऊन जातो. विजेचं काम, आणि या हातानं? अक्का, तुला दिसत नाही का?

मी म्हटलं, दिसतं की. मी रोज इथं असते, वर्षातनं दोनदा येऊन मला कशाला दाखवतोस?

भांडण पेटणार होतं, पण आप्पाच मध्ये पडले. म्हणाले, मी एक ॲम्प्लिफायर करतो. नुसत्या व्हॉल्व्हचा, ट्रान्झिस्टरचा एक दाणा नाही. कुणाची नक्कल नाही, स्वतः आखलेला. पाटणकर वकिलांच्या मंडळाला तो हवाच आहे. गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी त्यांचा कार्यक्रम आहे, त्या दिवशी तू ये. वाजला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही वाजला तर मी मुकाट्यानं तुझ्या गाडीत बसतो.

बसू सरळ माणूस. "कबूल," म्हणाला आणि गेला.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. मला भीती वाटली. आप्पा गेले तर त्या दुकानात मी कुणाशी भांडणार होते? बसू मलाही 'तू पण चल' म्हणाला होता, पण त्याच्या बायकोच्या स्वयंपाकघरात दुसरी बाई म्हणून उभं राहायला मला जमलं नसतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. तो ॲम्प्लिफायर वाजलाच पाहिजे होता, आणि तो आप्पांपेक्षा मला जास्त वाजायला हवा होता.

तर ते सर्किट. पाटणकर वकील आणि त्यांची मित्रमंडळी दर रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये जमून जुन्या तबकड्या ऐकायची. त्यांच्याकडचा नवा ॲम्प्लिफायर आवाजाला मोठा, पण वकील म्हणायचे, हा गाणाऱ्याला जवळ बसवत नाही, गच्चीवर उभा करतो. आप्पांनी त्यांच्यासाठी तीन व्हॉल्व्हचा बेत आखला. एक व्हॉल्व्ह तबकडीवरचा नाजूक आवाज वाढवणारा, दुसरा तो स्पीकरपर्यंत ढकलणारा, आणि तिसरा भिंतीतल्या विजेतनं या दोघांना लागणारा करंट काढून देणारा.

खरी गंमत दुसऱ्या व्हॉल्व्हपाशी होती. नेहमी काय करतात, तर व्हॉल्व्हला लागणारा करंट आणि त्यातनं निघणारं गाणं, दोन्ही एकाच ट्रान्सफॉर्मरमधनं नेतात. करंटच्या ओझ्यानं ट्रान्सफॉर्मर बधिर होतो आणि खर्जातला आवाज खातो. आप्पा म्हणाले, दोघांना दोन वाटा देऊ. करंट वेगळ्या चोकमधनं येऊ दे, आणि गाणं तेवढं कंडेन्सरमधनं ट्रान्सफॉर्मरकडं जाऊ दे. चोक म्हणजे दुसरं काही नाही, लोखंडी पट्ट्यांभोवती गुंडाळलेली बारीक तार. या पद्धतीला पॅरलल फीड म्हणतात.

"ओझं चोकनं उचलायचं, गाणं ट्रान्सफॉर्मरनं म्हणायचं," आप्पांनी फरशीवरच्या दोन रेघांवर खडू आपटून सांगितलं. बोलताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी केरसुणी ठेवली आणि त्यांच्याशेजारी खालीच बसले. तीन दिवस दुकानाचा केर काढला नाही. गिऱ्हाइकं दारातनंच इस्त्री आत सरकवायची आणि विचारायची, काय, हळदीकुंकू आहे का?

वाइंडिंग, म्हणजे ती तार गुंडाळणं, नेहमी मीच करायची, तेव्हाही मीच केलं. चोकच्या पट्ट्यांच्या दोन भागांत कागदाची फट ठेवावी लागते, नाहीतर तोही करंटनं बधिर होतो. आप्पांनी लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून घातला, मोजला, नाही म्हणाले. मग पोस्टकार्ड घातलं, तेही नाही. शेवटी कॅलेंडरचं पान दुमडून घातलं तेव्हा मान हलवली. ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या मात्र एकीत एक अडकवून घट्ट ठोकल्या, कारण त्याच्यावर ओझंच नव्हतं. हे सगळं त्यांना जमत होतं. ठोकायच्या कामात हात थरथरला तरी कळत नाही.

सोल्डरिंगला, म्हणजे तारांना डाख द्यायला, अडलं. तार एका जागी, आयर्न दुसऱ्या जागी. तारा जोडायचे दोन टॅग जाळल्यावर त्यांनी आयर्न खाली ठेवलं आणि रस्त्याकडं बघत बसले. मला बघवेना, पण मी हात पुढं केला नाही. केला असता तर त्या माणसानं दुकानाला कुलूप लावलं असतं. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच युक्ती काढली. डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरायचं, डावं कोपर टेबलावर रोवायचं, आणि मग आयर्न टेकवायचं. हात थांबला. सोल्डर चकचकीत, गोल बसलं.

"बघ," ते म्हणाले.

"बघितलं. आता शेफारू नका," मी म्हटलं, आणि मागं जाऊन चहा ठेवला, कारण माझे डोळे भरून आले होते. त्या दिवसापासून सगळं काम ते तसंच करायला लागले. उजवा हात काम करी, डावा त्याला धरून ठेवी. मला वाटलं, सुटलो.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. चालू सेटमध्ये हात घालताना आप्पा डावा हात पाठीमागं नेऊन पायजम्याच्या नाडीत खोचायचे. मलाही पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. एका हाताला झटका बसला तर बोट भाजतं. दोन्ही हात आत असले तर वीज एकातनं शिरून दुसऱ्यातनं निघते, आणि वाटेत काळीज असतं. दुसरं शिकवलं होतं ते असं की कुणी चिकटला तर आधी बटण बंद करायचं. त्या माणसाला हात लावायचा नाही, मग तो कुणी का असेना. ही दोन कलमं मी ओढणीनं डावा हात बांधून पाठ केली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत आप्पांनी ती एकदाही मोडली नव्हती.

ॲम्प्लिफायर पहिल्यांदा चालू केला ती दुपारची वेळ होती. पाडवा चार दिवसांवर. समोरच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता. चासी, म्हणजे ज्या पत्र्याच्या डब्यावर सगळं बसवतात तो, उलटा करून टेबलावर ठेवला होता. व्हॉल्व्ह लाल झाले, गरम धुळीचा तो ओळखीचा वास आला, आणि स्पीकरमधनं नुसती घरघर. आप्पांनी मीटर ओढला. काळी वायर चासीला चिमट्यानं लावली आणि लाल टोक उजव्या हातात घेतलं.

मी म्हटलं, बटण बंद करू, लाल वायरलाही चिमटा लावू, मग चालू करू आणि लांबनं वाचू.

"चिमटे लावून वाचायचं तर मग डॉक्टरनं नाडी दोरी बांधून बघावी," ते म्हणाले. आणि डावा हात सवयीनं मागं नेला, नाडीत खोचला.

लाल टोक व्हॉल्व्हच्या पायांकडं निघालं आणि वाटेतच नाचायला लागलं. ते पाय एकमेकांना इतके जवळ असतात की टोक घसरलं तर दोन पाय एकत्र होतात. आप्पांनी हात मागं घेतला. श्वास सोडला. पुन्हा नेला. पुन्हा नाचला. आणि मग महिनाभर जे केलं तेच त्यांच्या शरीरानं आपोआप केलं. डावा हात नाडीतनं निघाला, उजवं मनगट धरलं, आणि कोपर रोवायला टेबलावर जागा नव्हती म्हणून ते चासीच्या उघड्या पत्र्यावर टेकलं.

त्यांना ते कळलंसुद्धा नाही. त्यांची नजर लाल टोकावर होती आणि टोक आता एकदम स्थिर झालं होतं. बोट घसरून त्या टोकावर आलं असतं तर संपलं होतं.

बटण माझ्या उजव्या बाजूला भिंतीवर होतं. दोन पावलांवर. मला ते दिसत होतं हेही मला आठवतं. पण मी बटणाकडं गेले नाही. मी आप्पांवर झेपावले, त्यांचा उजवा हात धरून बाहेर ओढला, आणि तोल जाऊ नये म्हणून माझा डावा हात टेकला तो चासीवर.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. खांद्यात कुणीतरी आतनं मूठ आवळल्यासारखं झालं. मग मी खाली होते, पाठ मांडणीला लागलेली, अंगावर रिकामे खोके पडलेले. उजव्या हाताची तर्जनी लाल टोकाला लागली होती, तिथं पांढरा डाग पडला होता आणि त्याचा वास येत होता.

बटण आप्पांनी बंद केलं असणार, कारण घरघर थांबली होती. ते माझ्याशेजारी जमिनीवर बसले होते. पाण्याची बाटली त्यांच्या हातात होती आणि झाकण उघडत नव्हतं. दोन्ही हात थरथरत होते, डावासुद्धा. मी बाटली घेतली आणि उघडून प्यायले.

"लागलं नाही फार," मी म्हटलं.

मला वाटलं ओरडतील. मी दोन्ही कलमं एका दमात मोडली होती. साध्या इस्त्रीची पिन उलटी लावली तरी चार दिवस टोमणे मारणारा माणूस. पण ते उठले, फरशीवर खडूच्या राहिलेल्या पुसट रेघांवरनं चालत दारापर्यंत गेले आणि पायरीवर बसून राहिले. संध्याकाळी घरी गेल्यावरही तेच. भाकरी मोडून पुढ्यात ठेवली, ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले ते माझ्या मागनं आले आणि स्वतःच्या स्टुलावर न बसता दाराजवळच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. म्हणाले, चिमटे लाव आणि वाच. मी वाचत गेले, ते डोळे मिटून ऐकत गेले. सगळे आकडे ऐकून म्हणाले, व्हॉल्व्ह ठीक आहेत, चोक ठीक आहे, पण चोकचं तोंड भिंतीतली वीज घेणाऱ्या मेनच्या ट्रान्सफॉर्मरकडं आहे, त्यामुळं त्याची घरघर चोक उचलतोय. आडवा कर. मी चार स्क्रू काढले, चोक आडवा बसवला, चालू केलं. घरघर गेली. स्पीकरला कान लावला तरी काही ऐकू येईना, इतकं स्वच्छ.

मी नाचायचीच बाकी होते. "आप्पा, जमलं!" म्हणून वळले तर ते माझ्या पट्टी बांधलेल्या बोटाकडं बघत होते. "हो," म्हणाले. मला राग आला. मला वाटलं, शेवटचं काम माझ्या हातनं झालं म्हणून फुगलेत. मग मीही बोलणं टाकलं. त्या घरात दोन माणसं, आणि दोघांची तोंडं दोन भिंतींकडं. बसूला काही सांगायचं नाही, एवढं मात्र मी त्यांना बजावलं.

रविवारी बसू आला. बोटाला काय झालं विचारलं. तवा, मी म्हटलं. आप्पा शेजारीच होते.

वाचनालयाच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं असतील. वकिलांनी एका जुन्या गायिकेची तबकडी काढली, रुमालानं पुसली आणि लावली. आधी तबकडीची खरखर, मग तंबोरा. तंबोऱ्याचा खर्ज असा उमटला की पुढच्या रांगेतला एक म्हातारा सावरून बसला, कुणी थोर माणूस आत आल्यावर बसतात तसा. मग ती बाई गायला लागली. तिनं श्वास घेतलेला कळत होता. वकिलांनी आप्पांकडं बघितलं आणि दोन्ही हात जोडले. मला इतकं बरं वाटलं की इतक्या दिवसांचा अबोला मी मनातनं पुसून टाकला.

तबकडी संपल्यावर बसू उठून आप्पांच्या पायाशी आला. चारचौघांत त्याला बोलता येत नाही, पण बोलला. म्हणाला, "आप्पा, मी हरलो. पुन्हा विषय काढणार नाही."

आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी किती वाजता काढणार आहेस?" त्यांनी विचारलं. "मी येतोय."

बसूला कळेना. मला वाटलं मला कळलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉलमध्ये मी गप्प बसले ते केवळ वकिलांकडं बघून. घरी आल्यावर बसू दूध आणायला गेला, म्हणजे गेला असं दाखवून बाहेर पळाला, आणि मी ट्रंकेतनं आप्पांचे कपडे काढून बॅगेत कोंबायला लागले. कोंबता कोंबता बोलत होते. वाजला ना? सगळ्या गावानं ऐकला ना? बसू हरला म्हणाला, मग आता कसली हौस आलीय चिंचवडची? का माझ्या हातनं चोक आडवा झाला ते सोसलं नाही? माझा हात लागला म्हणून तुमचा ॲम्प्लिफायर बाटला का? मी कुणाकडं बघून दुकान उघडायचं उद्यापासनं?

आप्पा कॉटवर बसून ऐकत होते. मी दमल्यावर म्हणाले, "इकडं बस."

मी बसले नाही.

"वाजला गं. झकास वाजला. मी इथं राहिलो तर दुसरा करायला घेईन, आणि न राहवून त्याच्यात हात घालीन. ते मला थांबवता येणार नाही, मला माझी खोड माहीत आहे. माझं काय व्हायचं ते होईल. पण मी हात घातला की तूही घालणार."

"नाही घालणार. आता मला अक्कल आली."

"आधी बटण बंद करशील?"

"करीन."

"मग माझ्या गळ्याची शपथ घे."

त्यांनी माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यापाशी नेला. त्यांचा हात थरथरत होता, त्याबरोबर माझाही हलत होता. घरात दोघंच होतो. दोन शब्दांची तर शपथ होती, आणि ती घेतली असती तर ते राहिले असते. मी तोंड उघडलं, एकदा, दोनदा. ते माझ्याकडं बघत वाट पाहत होते.

मी हात सोडवून घेतला, त्यांची बॅग उचलली आणि बसूच्या गाडीत नेऊन ठेवली.